बेटांचा देश आणि त्याच्या धावपट्ट्या : मालदीवच्या विमानतळांवरून भूगोलाचा एक पाठ



'वाहतूक आणि दळणवळण' हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. रस्ते, रेल्वे, जलमार्ग, हवाई मार्ग असे चार प्रकार फळ्यावर लिहितो, फायदे-तोटे सांगतो, मुलं लिहून घेतात. पेपरात 'हवाई वाहतूक जलद पण महाग असते' हे वाक्य सगळ्यांचं बरोबर येतं. पण एखाद्या देशासाठी विमानतळ म्हणजे नेमकं काय असतं, हे त्या वाक्यातून कळत नाही. आपल्याकडे विमान नसेल तर रेल्वे आहे, रेल्वे नसेल तर एसटी आहे. जिथे यातलं काहीच नाही, तिथे काय?

म्हणून हा पाठ एका छोट्या देशावर बेतला आहे. देश आपला शेजारीच आहे, मालदीव. इयत्ता सहावी ते नववीच्या वर्गात तीन-चार तासिकांत हा विषय छान होतो. नकाशा, थोडं गणित, थोडा इतिहास आणि शेवटी एक चर्चा, असा त्याचा क्रम ठेवला आहे. लागणारं साहित्य म्हणजे नकाशासंग्रह, फूटपट्टी, दोरा आणि शाळेचं मैदान. बस्स.

आधी देश समजून घेऊ

मालदीवमध्ये सुमारे 1,190 छोटी बेटं आहेत. त्यांतली 190 च्या आसपास बेटांवर लोक राहतात. याशिवाय दीडशेहून जास्त बेटांवर फक्त पर्यटकांसाठीची रिसॉर्ट्स आहेत. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ती भरते जेमतेम 300 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबई महापालिकेच्या क्षेत्राहूनही कमी. लोकसंख्या साधारण 5 लाख.

ही बेटं प्रवाळाची आहेत. समुद्रातून वर आलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वाढत गेलं, डोंगर हळूहळू खचला आणि कडं तेवढं शिल्लक राहिलं. यालाच आपण पुस्तकात 'कंकणद्वीप' म्हणतो. इंग्रजीतला 'अॅटॉल' हा शब्द मालदीवच्याच धिवेही भाषेतून गेला आहे, हे मुलांना जरूर सांगा. मुलांना अशा गोष्टी लक्षात राहतात. कड्याच्या आत शांत, उथळ पाणी असतं, त्याला खाजण म्हणतात. हे खाजण पुढे सीप्लेनच्या वेळी कामाला येणार आहे, तेव्हा फळ्यावर त्याची आकृती काढून ठेवा.

आता पहिली कृती. मालदीवचं सर्वांत उत्तरेकडचं टोक साधारण 7 अंश 6 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि दक्षिणेकडचं टोक 0 अंश 42 मिनिटे दक्षिण अक्षांशावर. म्हणजे हा देश विषुववृत्त ओलांडून जातो! मुलांना विचारा, उत्तर-दक्षिण लांबी किती? दोन्ही अक्षांशांची बेरीज करायची, कारण एक उत्तरेला आहे नि दुसरा दक्षिणेला. (इथे निम्मा वर्ग वजाबाकी करतो. करू द्या, मग नकाशावर बोट ठेवून दाखवा.) बेरीज येते 7 अंश 48 मिनिटे, म्हणजे 7.8 अंश. एका अक्षांशाचं अंतर सुमारे 111 किलोमीटर धरलं तर 7.8 × 111 = जवळपास 866 किलोमीटर. मुंबईहून नागपूरला रेल्वेने जायचं अंतरही साधारण 840 किलोमीटरच आहे.

आता हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. जमीन 300 चौरस किलोमीटर आणि लांबी 866 किलोमीटर. मुंबईपासून नागपूरपर्यंत वाटाण्याचे दाणे विखरून टाकले आणि मध्ये सगळं पाणी भरलं, तर जे दिसेल तो मालदीव. या दाण्यावरून त्या दाण्यावर माणसाने जायचं कसं? इथून आपला खरा पाठ सुरू होतो.

बेट लहान, धावपट्टी मोठी

राजधानी माले. शहर इतकं दाट वसलेलं की तिथे विमानतळाला जागाच नाही. म्हणून शेजारच्या हुलहुले बेटावर विमानतळ बांधला. 1960 मध्ये मालेच्या लोकांनी स्वतः श्रमदान करून तिथे धावपट्टी तयार केली आणि तिच्यावर लोखंडी पत्रे अंथरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या हवाई दलाचं एक विमान तिथे उतरलं, हेच पहिलं. तेव्हा मालदीव स्वतंत्रही झाला नव्हता, स्वातंत्र्य मिळालं ते 1965 मध्ये. 1966 मध्ये डांबरी धावपट्टी आली आणि 1981 मध्ये तो आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. 2011 मध्ये त्याला माजी राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर यांचं नाव दिलं आणि 2017 पासून त्याचं नाव वेलाना आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे.

'श्रमदान' या शब्दावर जरा थांबा. आपल्याकडे गावकऱ्यांनी श्रमदानातून रस्ता केला, बंधारा घातला, शाळेची खोली बांधली, अशी उदाहरणं मुलांना माहीत असतात. श्रमदानातून धावपट्टी, हे त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. गावाला जसा रस्ता हवा तशी बेटाला धावपट्टी हवी, एवढी एक गोष्ट त्यातून पक्की होते.

2018 मध्ये तिथे नवी धावपट्टी सुरू झाली. तिची लांबी 3,400 मीटर आणि रुंदी 60 मीटर. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीशी तिची लांबी जवळपास बरोबरी करते. ही संख्या तोंडी सांगून उपयोग नाही, मैदानावर चला. 400 मीटरच्या ट्रॅकला साडेआठ फेऱ्या मारल्या की 3,400 मीटर होतात. ट्रॅक नसेल तर पावलं मोजा. एक पाऊल अर्धा मीटर धरलं तर 6,800 पावलं. मुलं दोन फेऱ्यांतच दमतात आणि मग विचारतात, 'सर, एवढं लांब बेट तरी आहे का?' प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असं की नव्हतं, म्हणून समुद्रात भराव घालून बेट वाढवलं. छोट्या बेटांवरचे बहुतेक विमानतळ असेच जमीन आणि समुद्र यांच्यात तडजोड करून उभे राहिले आहेत.

हुलहुलेहून मालेला जायला पूर्वी बोटच होती. तिथल्या पारंपरिक होडीला 'धोनी' म्हणतात. आपल्या कोकणातल्या 'होडी'शी या शब्दाचा कानाला मेळ वाटतो, पण तसा संबंध मुलांच्या मनात पक्का करू नका, नुसता शब्द सांगा. 30 ऑगस्ट 2018 ला समुद्रावरचा पूल सुरू झाला आणि विमानतळावरून राजधानीत गाडीने जाता येऊ लागलं.

दक्षिणेचं गान बेट : विमानतळ येतो आणि जातो तेव्हा

मालदीवच्या अगदी दक्षिणेला अड्डू नावाचं कंकणद्वीप आहे. तिथल्या गान बेटावरची धावपट्टी मालेच्या धावपट्टीहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे गुप्त नाविक तळ केला होता. पुढे 1957 पासून ब्रिटिश हवाई दलाचा तळ तिथे उभा राहिला. ब्रिटन ते पूर्व आशिया या लांबच्या प्रवासात विमानांना इंधन भरायला जागा हवी होती, आणि हिंद महासागराच्या मध्यात हे बेट होतं. जागतिक नकाशावर दोरा ठेवून मुलांना हे स्वतः शोधू द्या. 'स्थान' हा शब्द भूगोलात इतका महत्त्वाचा का, ते दोऱ्यावरून समजतं.

तळ आला तसं काम आलं. आसपासच्या बेटांवरच्या लोकांना पगाराची नोकरी मिळाली, ते इंग्रजी शिकले. राजधानी दूर आणि तळ जवळ, अशी स्थिती झाली. दक्षिणेतल्या तीन कंकणद्वीपांनी 1959 मध्ये वेगळं राष्ट्र जाहीर केलं. ते 1963 पर्यंत टिकलं. कारणं अनेक होती, पण तळामुळे आलेला पैसा हे त्यातलं एक होतं.

मग 1976 मध्ये ब्रिटिश निघून गेले. एका दिवसात म्हणावं तसं काम संपलं. लोक उत्तरेकडे, मालेकडे निघाले. इंग्रजी येत असल्यामुळे त्यांतल्या अनेकांना नव्याने सुरू झालेल्या रिसॉर्ट्समध्ये नोकऱ्या मिळाल्या. मालदीवमध्ये पर्यटन 1972 पासून सुरू झालं होतं, म्हणजे वेळ जुळून आली. आज गानवर नागरी विमानतळ आहे.

आपल्याकडे गिरणी बंद पडली, साखर कारखाना बंद पडला, की गावाचं काय होतं ते मुलांनी घरात ऐकलेलं असतं. गानची गोष्ट सांगताना त्यांना हे आपोआप आठवतं. तुम्ही फक्त विचारा, 'एकाच कामावर गाव अवलंबून असेल तर काय धोका?' पुढे पर्यटनाकडे आलो की हाच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे.

बोट की विमान? एक उदाहरण सोडवा

माले ते गान हे अंतर सुमारे 540 किलोमीटर. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बोटीला किती वेळ लागेल? 540 ÷ 15 = 36 तास. विमानाला लागतो सव्वा ते दीड तास.

आता या उदाहरणात माणूस घाला. गानच्या बाजूच्या बेटावरच्या एखाद्या बाईला बाळंतपणात अडचण आली. मोठं रुग्णालय मालेत. (तिथलं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय भारताच्या मदतीने बांधलेलं आहे.) 36 तास आणि दीड तास यातला फरक आता नुसता गणितातला राहत नाही. वर्गात हे सांगितलं की शांतता पसरते. 'हवाई वाहतूक जलद पण महाग असते' या वाक्यातल्या 'जलद' शब्दाचा अर्थ मुलांना तेव्हा कळतो.

देशांतर्गत विमानसेवा ही म्हणूनच तिथे चैन मानली जात नाही. सरकारी कंपनी 'आयलंड एव्हिएशन' 2000 मध्ये सुरू झाली. तिची विमानं 'मालदीवियन' या नावाने उडतात. त्याआधीची 'एअर मालदीव्ज' ही राष्ट्रीय कंपनी त्याच वर्षी बंद पडली होती. मालदीवियनची छोटी पंख्याची विमानं देशातल्या विमानतळांना जोडतात आणि तिरुवनंतपुरमलाही येतात. मालेहून तिरुवनंतपुरम साधारण 600 किलोमीटर, म्हणजे गान आणि तिरुवनंतपुरम हे मालेपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. उपचारासाठी, शिक्षणासाठी केरळात येणारे मालदीवचे लोक पुष्कळ आहेत, त्याचं कारण नकाशातच आहे.

'मांता एअर' आणि 'फ्लायमी' या खाजगी कंपन्याही तिथे आहेत. 'फ्लायमी'चं मुख्य ठिकाण मामिगिली बेटावरचा विमानतळ.

पाण्यावर उतरणारं विमान

मुलांचा सगळ्यात आवडता भाग हा. इथे घाई करू नका.

बाराशे बेटांवर बाराशे धावपट्ट्या होणार नाहीत. मग उपाय काय? चाकांच्या जागी तरंगणारे दोन लांबट पोकळ तराफे लावलेलं विमान, म्हणजे सीप्लेन. खाजणातलं शांत पाणी हीच त्याची धावपट्टी. उतरलं की लाकडी तरंगत्या फलाटाला दोरीने बांधायचं.

1989 मध्ये मालदीवमध्ये एका कंपनीने हेलिकॉप्टर सेवा सुरू केली होती. तीच पुढे सीप्लेनकडे वळली आणि 'ट्रान्स मालदीवियन एअरवेज' झाली. 2013 मध्ये दुसरी मोठी सीप्लेन कंपनी, 'मालदीवियन एअर टॅक्सी', तिच्यात विलीन झाली. आज जगातल्या सर्वांत मोठ्या सीप्लेन ताफ्यांमध्ये तिची गणना होते. विमान असतं कॅनडाच्या डी हॅविलंड कंपनीचं 'ट्विन ऑटर'. बसायला साधारण 15 प्रवासी. वैमानिक अनवाणी विमान चालवताना दिसतात, हे सांगितलं की वर्गात हशा पिकतो. का बरं अनवाणी, याचा अंदाज मुलांना करू द्या. विमानतळाची फरशी नाही, ओला फलाट आणि समुद्राचं पाणी, हे त्यांच्या लक्षात येतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. सीप्लेन फक्त दिवसाच उडतं. कारण पाण्यावर दिवे नसतात, लाटा, होड्या आणि खालचे प्रवाळाचे खडक वैमानिकाला डोळ्यांनी दिसावे लागतात. मालदीव विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे वर्षभर दिवस साधारण 12 तासांचाच असतो. आपल्याकडे डिसेंबरात लवकर अंधारतं नि मे महिन्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो, तसा मोठा फरक तिथे पडत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. 'दिनमान आणि अक्षांश' हा घटक इथे जोडून घेता येतो.

यावर उदाहरण द्या. मुंबईहून एक विमान दुपारी 12:30 ला निघालं. मालेला पोहोचायला 2 तास 45 मिनिटे लागली. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. तिथल्या घड्याळात किती वाजले? आपले 3:15, तिथले 2:45. तपासणी आणि सामान यांत एक तास, सीप्लेनची वाट बघण्यात दीड तास, उड्डाण 40 मिनिटांचं. म्हणजे पोहोचायची वेळ 5:55. अंधाराच्या आत जेमतेम! आता विचारा, विमान मुंबईहून एक तास उशिरा निघालं तर? मग त्या रात्री सीप्लेन नाही. मालेजवळ मुक्काम करायचा किंवा स्पीडबोटने जायचं. प्रमाणवेळ, बेरीज-वजाबाकी आणि पृथ्वीचं परिवलन एकाच उदाहरणात येऊन जातं.

आणखी एक छोटं गणित चौथी-पाचवीच्या मुलांसाठी. मोठ्या विमानातून 280 प्रवासी उतरले, सगळ्यांना सीप्लेनने जायचं आहे. एका फेरीत 15. किती फेऱ्या? 280 ला 15 ने भागलं तर भागाकार 18 आणि बाकी 10. उत्तर 18 की 19? बाकी उरलेल्या दहा जणांना समुद्रात सोडून देणार का, असं विचारलं की उत्तर 19 का, ते समजावून सांगावं लागत नाही.

विमानतळ म्हणजे देशाचं दार

3 नोव्हेंबर 1988. भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी मालेवर हल्ला करून सरकार उलथवायचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून भारतीय हवाई दलाची आयएल-76 विमानं छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघाली आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटर उडून अंधारात हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. पुढच्या विमानाचं नेतृत्व ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्याकडे होतं. या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन कॅक्टस'. हल्लेखोरांनी राजधानीत धुमाकूळ घातला, पण विमानतळ ताब्यात घेतला नाही. ते दार उघडं राहिलं म्हणून मदत आत येऊ शकली.

दुसरा प्रसंग डिसेंबर 2014 चा. मालेतल्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या केंद्रात आग लागली आणि लाखभर माणसांच्या शहराला प्यायला पाणी उरलं नाही. चारी बाजूंना पाणी, पण थेंबभर पिता येत नाही! तेव्हा भारतीय हवाई दलाची विमानं पिण्याचं पाणी घेऊन त्याच धावपट्टीवर उतरली. नौदलाची जहाजंही गेली. आपल्या दुष्काळी भागातल्या मुलांना टँकरने आलेलं पाणी माहीत आहे, लातूरला रेल्वेने गेलेलं पाणीही त्यांनी ऐकलेलं आहे. विमानाने आलेलं पाणी ही त्याच्या पुढची पायरी.

तिसरा प्रसंग 2020 चा. कोरोनामुळे मार्चअखेर देशाची दारं बंद झाली, ती 15 जुलैला उघडली. साडेतीन महिने पर्यटक नाहीत. वर्षाला 20 लाखांच्या घरात पर्यटक येतात असा हा देश (2024 मध्ये त्यांनी 20 लाखांचा टप्पा ओलांडला). म्हणजे प्रत्येक रहिवाशामागे चार पाहुणे. हे पाहुणे आले नाहीत तर? गानच्या वेळचा प्रश्न आता पुन्हा विचारा.

धावपट्टी कोणाच्या पैशाने?

नववीच्या वर्गासाठी हा भाग ठेवा. 2010 मध्ये मालेचा विमानतळ चालवायचं आणि वाढवायचं 25 वर्षांचं कंत्राट भारतातल्या जीएमआर कंपनीच्या गटाला मिळालं. 2012 मध्ये तिथल्या सरकारने ते रद्द केलं. प्रकरण लवादात गेलं आणि 2016 मध्ये मालदीवला सुमारे 27 कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. पुढे नवी धावपट्टी चिनी कंपनीने बांधली. उत्तरेकडच्या हनिमाधू विमानतळाचा विस्तार मात्र भारताने दिलेल्या कर्जातून झाला. 

इथे 'कोण चांगलं, कोण वाईट' अशा बाजूला वर्ग जाऊ लागतो. त्याला वळवा. प्रश्न असा ठेवा : पाच लाख लोकांच्या देशाला एवढी मोठी धावपट्टी स्वतःच्या खिशातून बांधता येईल का? आली नाही तर कर्ज घ्यावं लागेल. कर्ज देणाऱ्याला त्या बदल्यात काय हवं असेल? भूगोलाचा तास नागरिकशास्त्रात कधी शिरला ते कळतही नाही.

चर्चेचा विषय : कुल्हुधुफुशीचं पाणथळ

हा या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्यासाठी पूर्ण तासिका राखून ठेवा.

उत्तर मालदीवमध्ये कुल्हुधुफुशी नावाचं दाट वस्तीचं बेट आहे. त्या भागाचं मोठं रुग्णालय तिथेच आहे. बेटाच्या एका बाजूला खारफुटीचं मोठं पाणथळ होतं. 2017 मध्ये विमानतळासाठी त्याचा बराचसा भाग बुजवायला सुरुवात झाली आणि 2019 मध्ये विमानतळ सुरू झाला. हनिमाधूचा विमानतळ तिथून बोटीने जाण्याइतका जवळ आहे.

त्या पाणथळाच्या चिखलात बेटावरच्या बायका नारळाची सोडणं पुरून ठेवत. ती कुजून मऊ झाली की कुटून त्यांचा काथ्या काढायचा आणि दोर वळायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. पाणथळ गेलं तसा तो आधारही गेला. शिवाय खारफुटी पावसाचं पाणी धरून ठेवते, लाटा अडवते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत हुलहुलेच्या विमानतळावरसुद्धा पाणी शिरलं होतं आणि तो काही तास बंद ठेवावा लागला होता. ज्या देशाची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरहून कमी उंचीवर आहे, त्याने लाटा अडवणारी झाडं काढावीत का?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. बेटावरच्या पुष्कळ लोकांना विमानतळ हवा होता. ते म्हणत, आमचा पेशंट आधी बोटीत, मग विमानात, असं किती दिवस करायचं? राजधानीतल्या लोकांना आमच्या झाडांचं प्रेम आहे, आमच्या माणसांचं नाही का?

वर्गाचे चार गट करा. एक गट काथ्या काढणाऱ्या बायकांचा, दुसरा रुग्णालयातल्या डॉक्टरांचा, तिसरा नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा, चौथा सरकारचा. प्रत्येक गटाला दहा मिनिटं तयारी आणि तीन मिनिटं बोलायला द्या. एकच नियम ठेवा : समोरच्या गटाचा मुद्दा आधी आपल्या शब्दांत सांगायचा, मग उत्तर द्यायचं. या एका नियमाने भांडण होत नाही, चर्चा होते.

मुलं सहसा एखादा मधला मार्ग काढतात. हनिमाधूपर्यंत चांगली, वेळेवर चालणारी रुग्णवाहिका-बोट ठेवा, धावपट्टीची जागा बदला, बायकांना दुसरी जागा द्या, असे पर्याय येतात. ते फळ्यावर लिहा. पण 'बरोबर उत्तर' म्हणून कशालाही खूण करू नका. कोकणातल्या शाळांमध्ये तर हा विषय फारच जवळचा आहे. खारफुटी, काथ्या, बंदर, विमानतळ ही सगळी नावं तिथल्या मुलांच्या घरातली आहेत.

आपल्या देशातलं उदाहरण जोडा

मालदीवच्या उत्तर टोकापासून जेमतेम 130 किलोमीटरवर आपलं मिनिकॉय बेट आहे, लक्षद्वीपमधलं. तिथली भाषा आणि मालदीवची धिवेही या सख्ख्या बहिणी आहेत. लक्षद्वीपमध्ये विमानतळ एकच, अगत्ती बेटावर, आणि त्याची धावपट्टी साधारण 1,200 मीटर. म्हणजे वेलानाच्या धावपट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. तिथे मोठी विमानं उतरू शकत नाहीत. मिनिकॉयच्या माणसाला अगत्तीला जायचं तर काय करावं लागेल, हे मुलांनी नकाशावर शोधून लिहावं. हा गृहपाठ द्या.

मूल्यमापनासाठी काही प्रश्न

1. मालदीवची जमीन कमी असूनही तिथे बरेच विमानतळ का लागतात? दोन कारणं लिहा.
2. सीप्लेन रात्री का उडत नाही? विषुववृत्ताशी याचा काय संबंध?
3. ब्रिटिश गेल्यानंतर गानच्या लोकांवर काय परिणाम झाला? तुमच्या परिसरातलं असंच एक उदाहरण द्या.
4. 1988 आणि 2014 या दोन्ही प्रसंगांत धावपट्टीचं महत्त्व काय होतं?
5. तुम्ही कुल्हुधुफुशीत राहत असता तर विमानतळाच्या बाजूने मत दिलं असतं की विरोधात? का? तुमच्या मतामुळे कोणाचं नुकसान होईल, तेही लिहा.

पाचव्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य गाळू नका. मत मांडणं मुलांना जमतं, पण आपल्या मताची किंमत कोण मोजतं हे पाहणं शिकवावं लागतं.

पालकांसाठी दोन शब्द

पालकांनो, घरी जेवताना मुलांशी एवढंच बोला. आपल्या ताटातलं काय काय बाहेरून आलंय? मीठ कुठून, तेल कुठून, भाजी कुठून? मालदीवमध्ये शेतीला जमीन जवळपास नाही. तांदूळ, पीठ, साखर, कांदे, बटाटे, अंडी असं पुष्कळ काही बाहेरून, बरंचसं भारतातून, जहाजाने आणि काही विमानाने जातं. एका आठवड्यासाठी घरातल्या वस्तूंची यादी करायला सांगा आणि प्रत्येकीपुढे 'गाव', 'जिल्हा', 'राज्य' की 'त्याहून दूर' असं लिहायला सांगा. यादी पूर्ण झाली की विचारा, उद्या रस्ता महिनाभर बंद झाला तर यातलं काय काय राहील? मुलांना उत्तर स्वतः शोधू द्या, सांगून टाकू नका.